रोजची गोळी आणि न खाजणारी सूज



स्मृतिव्याख्यानाचा विषय मोठा असावा, असा आपल्याकडे संकेत आहे. मी निवडलेला विषय लहान आहे. रक्तदाबाच्या एका जातीच्या गोळ्यांमुळे थोड्या माणसांचे ओठ, जीभ आणि घसा अचानक सुजतो, त्याबद्दल मला बोलायचे आहे. हजार माणसांनी ही गोळी घेतली तर त्यांतल्या साधारण एक ते सात जणांना हा त्रास होतो. बाकीच्यांचे हृदय आणि मूत्रपिंड हीच गोळी सांभाळते. मग या मूठभर माणसांसाठी एक अख्खी संध्याकाळ का द्यायची? कारण सूज वेळेत ओळखली तर यातली बहुतेक माणसे धडधाकट घरी जातात, आणि ओळखली नाही तर एखादा श्वास कोंडून दगावतो. ‘बीपीची कोणती गोळी चालू आहे?’ हा एक प्रश्न कोणी किती लवकर विचारतो, त्यावर सगळे अवलंबून असते. आपल्याकडे तो फार उशिरा विचारला जातो.

रक्तदाब हा आता शहरातल्या बैठ्या माणसांचा आजार राहिलेला नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे 21 टक्के आणि पुरुषांपैकी 24 टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला आढळला. म्हणजे या सभागृहातल्या चार-पाच माणसांमागे एक. आपल्या भागात भाताची आवणी करणारी, डोंगर चढून जाणारी माणसेही यातून सुटलेली नाहीत.

आता जिच्यामुळे ही सूज येते ती गोळी कोणती, ते सांगतो. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल, कॅप्टोप्रिल. मूळ औषधाच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असेल तर ती या घराण्यातली. पट्टीवर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत असते आणि हे मूळ नाव त्याच्याखाली बारीक अक्षरांत. ते बारीक अक्षर महत्त्वाचे.

एका रुग्णाची हकिगत सांगतो, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल. साठी ओलांडलेल्या आजी, याच तालुक्यातल्या. पहाटे उठल्या तर खालचा ओठ डाव्या बाजूला टम्म फुगलेला. तासाभरात जीभ जड झाली, बोलणे बोबडे झाले, कवळी तोंडात बसेना. लाळ गिळता येईना म्हणून त्या पदराने सारखे तोंड पुसत होत्या. घरच्यांनी ‘पित्त उठलं’ म्हणून आमसुलाचे पाणी लावले. मुलगा म्हणाला, ‘काल सुकट खाल्ली होती.’ आजींनी तर जन्मभर सुकट खाल्लेली. वाटेत एका ठिकाणी अ‍ॅलर्जीची दोन इंजेक्शने झाली, ओठ तसाच. माझ्याकडे आल्या तेव्हा मी अंगावर गांधी शोधल्या, एकही नव्हती. खाज येते का विचारले, तर मान हलवून नाही म्हणाल्या. मग सुनेने पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली. तीत कापलेल्या पट्ट्यांचे तीन तुकडे होते. दोहोंवर काहीच वाचता येत नव्हते. तिसऱ्याच्या कडेला कात्रीतून वाचलेली अक्षरे होती, ‘...प्रिल ५’.

ती गोळी त्या चार वर्षे घेत होत्या. त्याच वर्षात आधी दोनदा ओठ सुजून आपोआप उतरला होता, हे नंतर बोलण्यातून निघाले. गोळी थांबवली, रात्रभर बसवून ठेवले, श्वासनलिकेत नळी घालण्याची सगळी तयारी उशाशी ठेवली. तिची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सूज उतरली.

या हकिगतीतला सर्वांत फसवा भाग म्हणजे ती चार वर्षे. नवे औषध सुरू केले आणि त्रास झाला, तर माणूस लगेच औषधावर बोट ठेवतो. इतकी वर्षे सोसलेली गोळी मात्र घरातल्या जुन्या माणसासारखी असते, तिच्यावर कोणी संशय घेत नाही. ही सूज पहिल्या महिन्यात जास्त दिसते हे खरे. पण कित्येकांना ती महिन्यांनी, कित्येकांना वर्षांनी येते. ती एकदा येऊन निघून जाते, गोळी चालू राहते, आणि पुढच्या खेपेला सूज ओठावर न थांबता जिभेच्या मुळाशी उतरते. तेव्हा आधीची किरकोळ सूज ही सूचना असते. ती सूचना ऐकायची असेल तर रोजच्या गोळीला संशयातून सूट देता येणार नाही. आज मला जे सांगायचे आहे त्याचा गाभा हाच.

असे का होते, हे समजून घेऊ. आपल्या शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा एक पदार्थ सतत तयार होतो आणि सतत मोडला जातो. तो रक्तवाहिन्या सैल करतो आणि त्यांच्या भिंतींतून पाणी बाहेर झिरपू देतो. त्याला मोडणारे जे विकर आहे तेच दुसऱ्या बाजूने रक्तवाहिन्या आवळणारा अँजिओटेन्सिन हा पदार्थ तयार करते. ‘प्रिल’ गोळी या विकराला अडवते. आवळणे कमी होते, रक्तदाब उतरतो; पण ब्रॅडिकायनिनची मोडतोडही मंदावते. ते मोडायला शरीरात आणखी दोन-तीन विकरे आहेत, म्हणून बहुतेकांचे निभावते. ज्यांच्यात ही बाकीची व्यवस्था दुबळी असते, त्यांच्या ओठांच्या, जिभेच्या, घशाच्या मऊ ऊतींत पाणी साठते. इथे खाज आणणारे हिस्टामिन नसतेच. म्हणून गांधी नाहीत, आणि म्हणूनच एव्हिलसारखी हिस्टामिनविरोधी इंजेक्शने व स्टेरॉइड इथे फारसे काम करत नाहीत. अ‍ॅलर्जीसारखी दिसणारी ही सूज अ‍ॅलर्जीच्या वाटेने आलेलीच नसते.

या औषधाचा जन्म कसा झाला ते ऐकलेत, तर ही सूज त्याच्या मुळापर्यंत कशी जाते ते कळेल. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. त्याचे विष रक्तात मिसळले की काय होते, हे तपासताना साओ पाउलो इथे मॉरिसिओ रोशा इ सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ब्रॅडिकायनिन सापडले. 1949 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. पुढे 1965 मध्ये सर्जिओ फेरेरा या त्यांच्या तरुण सहकाऱ्याने त्याच विषात एक घटक दाखवला, जो ब्रॅडिकायनिनचा परिणाम कित्येक पटींनी वाढवतो. तो घटक घेऊन फेरेरा लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथून धागा अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीच्या कुशमन आणि ओंडेटी या दोन संशोधकांच्या हाती आला. विषातला घटक पोटातून घेता येत नव्हता, म्हणून त्याच्या कामाचे मर्म ओळखून त्यांनी एक लहानसा रेणू घडवला. तो कॅप्टोप्रिल. 1981 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. म्हणजे ज्या घटकाची पहिली ओळखच ‘ब्रॅडिकायनिन वाढवणारा’ अशी झाली, त्याच्यापासून हे औषध आले. आजीच्या ओठावर आलेली सूज औषधाच्या मूळ गुणातूनच निघते.

त्याच 1949 साली मुंबईत काय घडले, तेही आठवले पाहिजे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळ्या रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन केलेला अभ्यास त्या वर्षी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला. रक्तदाबावर परिणामकारक आणि रोज घेता येईल असे औषध जगाला जवळजवळ माहीत नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. 1957 मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. सर्पगंधेतून निघालेले रेसर्पिन जगभर गेले, आणि काही वर्षांनी कळले की काही रुग्णांना ते खोल उदासीनतेत ढकलते. जुने, झाडपाल्याचे, आपल्या मातीतले म्हणून ते निर्दोष ठरले नाही. ज्या औषधात काम करण्याची ताकद आहे, त्यात कुणाला तरी इजा करण्याची ताकदही असते. ‘आयुर्वेदिक आहे, त्याने काही होत नाही’ हे वाक्य मी आठवड्यातून अनेकदा ऐकतो, आणि दर वेळी मला डॉ. वकिलांची सर्पगंधा आठवते.

‘प्रिल’ गोळ्यांचा गुणही तितक्याच स्पष्टपणे सांगतो, नाही तर आज घरी जाऊन कोणी गोळी फेकून देईल आणि त्याचे पाप माझ्या माथी येईल. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हृदय अगदी थकलेल्या 253 रुग्णांपैकी निम्म्यांना एनालाप्रिल दिले होते. सहा महिन्यांत गोळी न मिळालेल्यांपैकी 44 टक्के दगावले, मिळालेल्यांपैकी 26 टक्के. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, मूत्रपिंडातून प्रथिन गळणाऱ्या कितीतरी माणसांना ही गोळी वर्षे मिळवून देते. ज्याला त्रास नाही त्याने ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नये.

सूज म्हणजे कोणतीही सूज नव्हे, हेही इथे सांगून टाकतो. अ‍ॅम्लोडिपिन या दुसऱ्या गोळीने संध्याकाळी घोट्यांवर सूज येते. ती पुष्कळांना येते, त्रासदायक असते, पण श्वासावर उठत नाही. मी बोलतो आहे ती सूज मानेच्या वरची: ओठ, जीभ, गाल, पापण्या, घसा. क्वचित ती आतड्यालाही येते. मग पोटात मुरडा, उलट्या, आणि दोन दिवसांनी सगळे ठीक. पुन्हा महिन्याभराने तेच. अशा काही रुग्णांची पोटे विनाकारण उघडली गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

‘प्रिल’ गोळीचा आणखी एक, कितीतरी जास्त आढळणारा त्रास आहे, कोरडा खोकला. तोही याच घडामोडींतला. कफ नाही, ताप नाही, घशात नुसती खवखव. आपल्या गावात असा खोकला दोन-तीन आठवडे टिकला की थुंकीची तपासणी होते, आणि ती झालीच पाहिजे, क्षयरोग आपल्याकडे आहे. पण तपासणीत काही निघाले नाही, तरी माणूस महिनोन्‌महिने खोकल्याचे औषध पीत राहतो. गोळी बदलली की साधारण दोन-चार आठवड्यांत तो खोकला जातो.

काही औषधे एकत्र आली की धोका वाढतो. ब्रॅडिकायनिन मोडणारी जी बाकीची विकरे आहेत असे मी म्हणालो, त्यांतल्या एकाला मधुमेहावरच्या ग्लिप्टिन जातीच्या गोळ्या अडवतात. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात ‘प्रिल’ आणि विल्डाग्लिप्टिन दोन्ही घेणाऱ्यांत ही सूज येण्याची शक्यता सुमारे साडेचार पट दिसली. भारतात विल्डाग्लिप्टिनचे पेटंट 2019 च्या डिसेंबरात संपले, किंमत घसरली आणि ती गोळी गावोगावी पोचली. स्वस्त झाली याचा मला आनंदच आहे. पण बीपी आणि शुगर या जोडगोळीची औषधे एकाच माणसाच्या पुडीत असतात, आणि बहुधा दोन वेगळ्या डॉक्टरांनी दिलेली असतात. हृदय थकलेल्यांना हल्ली दिले जाणारे सॅक्युबिट्रिल हे औषध आणखी एका विकराला अडवते. ते ‘प्रिल’ गोळीबरोबर द्यायचेच नसते, मध्ये किमान 36 तासांचे अंतर ठेवावे लागते. हा नियम जगाने किंमत मोजून शिकला. ओमापॅट्रिलॅट या एकाच औषधात दोन्ही गुण एकत्र केले होते. 25 हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत ही सूज त्या औषधाने 2.17 टक्के लोकांना आली, आणि तुलनेसाठी दिलेल्या एनालाप्रिलने 0.68 टक्के लोकांना. ओमापॅट्रिलॅट बाजारात आलेच नाही.

आता आपल्या भंडारदरा जलाशयाच्या परिसराकडे येतो. रात्री अकरा वाजता रतनवाडीत किंवा घाटघरला कुणाची जीभ सुजली, तर जलाशयाच्या कडेचा रस्ता पार करून आधी शेंडी, मग राजूर, मग अकोले, आणि गरज पडली तर संगमनेर किंवा नाशिक. पावसाळ्यात धुके उतरले की गाडीच्या पुढचे दहा हातही दिसत नाहीत. म्हणून इथे ‘बघू सकाळी’ हा शब्द उच्चारायचा नाही. ओठ सुजला आणि बीपीची गोळी चालू आहे, एवढे पुरेसे आहे. त्याच क्षणी 108 ला फोन करायचा. आवाज बदलला, लाळ गिळता येईना, श्वास घेताना आवाज येऊ लागला, तर ते धोक्याच्या अगदी टोकावर आहे. रुग्णाला आडवे करू नका, बसते ठेवा. घोटभर पाणी, चहा, हळदीचे दूध, काहीही तोंडात देऊ नका. पुढची गोळी थांबवा. आणि गोळ्यांची सगळी पुडी, पट्ट्या, चिठ्ठ्या त्याच्याबरोबर गाडीत ठेवा.

माझ्या तरुण डॉक्टर मित्रांसाठी एक वाक्य. गांधीलमाशी चावली असेल, अंगावर गांधी असतील, रक्तदाब कोसळला असेल किंवा नुसती शंका असेल, तर ती अ‍ॅनाफिलॅक्सिस समजून अ‍ॅड्रेनालिन आधी द्या. मी सांगितलेल्या कारणाने ते रोखून धरू नका. पण दिल्यावर उतार पडत नसेल तर त्याच इंजेक्शनांची उजळणी करत बसू नका, श्वासाची वाट सुरक्षित करणाऱ्याकडे रुग्णाला वेळेत पोचवा. इकॅटिबंट नावाच्या महागड्या इंजेक्शनाची आशा होती. 2015 च्या एका छोट्या जर्मन अभ्यासात सूज 27 तासांऐवजी 8 तासांत उतरली, पण दोन वर्षांनी आलेल्या मोठ्या चाचणीत फरक दिसला नाही. आज तरी रुग्ण वाचतो तो वेळेवर घातलेल्या नळीने आणि गोळी कायमची बंद केल्याने. कायमची, हा शब्द मी जपून वापरतो आहे. रामिप्रिल सोसले नाही म्हणून एनालाप्रिल देऊन बघू, असे करायचे नसते. टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी बहुतेकांना चालते, तरी पहिले काही आठवडे लक्ष ठेवावे.

हंगामात, विशेषतः काजव्यांच्या दिवसांत, जलाशयाच्या काठावर तंबूंत हजारो पाहुणे उतरतात. त्यांत मुंबई-पुण्याचे आजी-आजोबाही असतात, औषधांचे डबे घेऊन. त्यांची रात्रीची पहिली हाक गावातल्या वाटाड्यांना आणि तंबूवाल्या पोरांना जाते. वाटाड्यांनी साप-विंचवाची जशी माहिती करून घेतली आहे, तशी ओठ-जिभेच्या या सुजेची दोन वाक्यांची माहितीही ठेवावी, एवढी माझी त्यांना विनंती आहे.

विंचवाचे नाव निघाले म्हणून डॉ. हिंमतराव बावस्करांचे सांगतो. महाडच्या बाजूला विंचूदंशाने तरणीताठी माणसे मरत होती. बावस्कर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णांच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातपाय थंड पडणे यांच्या नोंदी करत राहिले. 1982 मध्ये त्या नोंदी लॅन्सेटमध्ये छापल्या गेल्या, 1986 मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिनचे उपचार. प्राझोसिन म्हणजे रक्तदाबाचीच एक साधी गोळी. खेड्यातल्या वहीतून जगाची उपचारपद्धती बदलली. आपल्याकडच्या सुजांच्या नोंदी मात्र कुठल्याच वहीत जात नाहीत. ‘अ‍ॅलर्जी होती, बरी झाली’ एवढ्यावर मिटते. केसपेपरवर औषधाचे नाव नसते, म्हणून तीच गोळी पुढच्या महिन्यात त्याच आजीला पुन्हा दिली जाते.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय यंत्रणा आपल्या देशात 2010 पासून आहे, तिचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे. तिचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक 1800-180-3024. डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेता तर कळवू शकतातच, पण रुग्ण स्वतः आणि त्याच्या घरचेही कळवू शकतात.

औषधविक्रेत्या बंधूंना हात जोडून एक मागणे आहे. चार गोळ्या कापून दिल्यात तर नावाचा तुकडा गिऱ्हाइकाकडे जाऊ द्या, निदान पाकिटावर मूळ नाव स्वच्छ अक्षरांत लिहून द्या. आणि तुम्हा सगळ्यांना सांगतो, उद्या सकाळी घरातल्या थोरांच्या गोळ्या काढा, शाळेत जाणाऱ्या नातवाला बारीक अक्षरे वाचायला लावा आणि ती नावे एका कागदावर लिहून घ्या. त्यात ‘प्रिल’ सापडले तर आजींना विचारा: कधी ओठ सुजला होता का? कोरडा खोकला आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर गोळी तशीच चालू ठेवा. ‘हो’ असेल, तर तो कागद घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.